हिरवळीवरची सायाळ

रखमाबाईचा पदर मशीननं ओढला तेव्हा आधी आवाज बदलला. भडभड चाललेलं इंजिन एकदम घोगरं झालं, जनावराच्या घशात काही अडकल्यासारखं. मी काही पावलं पुढं होते. माझी थोरली जाऊ मशीनमागं उभी नव्हती. ती गुडघ्यांवर आली होती, गाल गवताला टेकलेला, आणि डोक्यावरून घेतलेला तिचा पदर पिळून पिळून फिरत्या नळ्यांत चालला होता. तोंड वाचवायला तिनं डावा हात नळ्यांवर दिला होता. शिकवणाऱ्या माणसानं आम्हाला सांगितलं होतं की हँडलची लिव्हर सोडली की मशीन जागच्या जागी थांबतं. रखमाबाईचा हात लिव्हरवर नव्हता आणि मशीन चालतच होतं. ते तिला ओढत उतारावरून खाली नेत होतं.

मी हातातली निशाणं टाकली आणि धावले. मध्ये आमचे सासरे उभे होते, आबा. हातात विळा, खांद्यावर गवताचं पोतं, तोंड उघडं. सासऱ्याच्या अंगाला सुनेनं हात लावायचा नाही, त्यांना आडवं जायचं नाही, हे मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून पाळत होते. मी त्यांना दोन्ही हातांनी ढकललं. ते पोत्यासकट गवतावर बसले.

पुढचं सांगेन. पण आधी घर सांगायला पाहिजे. त्याशिवाय रखमाबाईसारख्या शहाण्या बाईनं चालत्या मशीनवरचा हात काढून पदर का घेतला, हे कळणार नाही.

मी इंदापूर तालुक्यातल्या कळसची. शाळा चौथीपर्यंत. वडील मेंढरं राखायचे, तीच सोयरीक बघून मला बारामतीला जळोचीत दिली. अंगातला फ्रॉक जाऊन साडी आली त्याला फार दिवस झाले नव्हते, म्हणून माझं वाढणं म्हणजे खरं तर सासरीच झालं. घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. दारासमोर बोरीच्या काट्यांचं कुंपण आणि त्यात मेंढरं. पूर्वी मोठा कळप होता म्हणे. मी आले तेव्हा निम्म्याहून जास्त विकला होता, कारण चारायला रान राहिलं नव्हतं. जळोचीच्या भोवती प्लॉट पडत होते, कंपन्या येत होत्या. तरी पहाटे कोकरं ओरडायला लागली की झोप संपायची. मग आत्याबाई, म्हणजे माझी सासू, जात्याजवळ बसून खोकायची. तो खोकला म्हणजे उठा असं सांगणं होतं. मग रखमाबाईच्या भाकरी थापण्याचा आवाज. ती भाकरी जोरात थापायची. मी विचारलं तर म्हणाली, "मला जे जे बोलायचं आसतं ना शेवंते, ते मी हितं बोलून घेते. पीठ काय कुणाला सांगत न्हाय."

खायला बाजरीची भाकरी, कांदा, ठेचा. थंडीत हुलग्याचं माडगं. ते गरम असताना पितळीला तोंड लावून प्यायचं, घशातून पोटापर्यंत कुठं गेलं ते कळायचं. आता माझ्या सुना कुकरमध्ये हुलगे शिजवतात आणि मला विचारतात, तशी चव का येत नाही. चव हुलग्यांची नव्हती, भुकेची होती. शेळी व्याली की खरवस व्हायचा. तो आधी पुरुषांना, मग पोरांना, मग आत्याबाईला. आमच्या वाट्याला पातेलं खरवडायला. रखमाबाईनं मला शिकवलं की पातेलं आधीच थोडं करपवायचं, म्हणजे बुडाशी जाड थर राहतो. मी अशा गोष्टी तिच्याकडून शिकले. आईकडून शिकायला वेळच मिळाला नव्हता.

आबा उंच, वाळके, डोक्याला लाल पटका. त्यांचा पटका मी कधी उतरलेला पाहिला नव्हता. चालता चालता त्यांच्या हातात लोकर कातायची चाती फिरत असायची. लोकर आणि शेळीचे केस एकत्र पिळून ते दोऱ्या वळायचे. त्या दोरीनं बांधलेला बोकड सुटत नसे. आम्हा सुनांशी ते बोलत नसत. बोलायचं झालं तर दाराच्या चौकटीला बोलायचे. "पाणी दिलं तर बरं हुईल." मग आम्ही पाणी उंबऱ्यावर ठेवायचो आणि आम्हीही चौकटीलाच सांगायचो, "पाणी ठिवलंय म्हणावं." मला हे फार वर्षं हसण्यासारखं वाटलं नाही. सगळ्यांच्या घरी असंच होतं. आणि पदर. आबांची काठी दगडावर वाजली की हात आपोआप वर जायचा. पिठाचे असोत, शेणाचे असोत, हात वर जाऊन पदर कपाळापर्यंत यायचाच. डोकं विचार करत नसे, हातच करत असे. डोळ्यात कचरा येताना पापणी मिटते तसं ते होतं. आत्याबाई म्हणायची, "सुनेचा पदर ढळला म्हंजी घराचा पत्रा उडाला." तिनं स्वतः म्हातारपणीसुद्धा आबांसमोर डोकं उघडं ठेवलं नाही.

मेंढरं कमी झाली आणि घरात खाणारी तोंडं वाढली, तेव्हा दोघी सुनांनी कंपनीत बागकामाला जायचं ठरलं. ठरवलं पुरुषांनीच. माझा नवरा आणि थोरले भाऊजी दोघंही दूध डेअरीच्या गाड्यांवर असायचे, आठवडाभर घरी नसायचे. कंपनी आमच्या घरापासून चालत जाण्यासारखी. जिथं आबांची मेंढरं एके काळी चरायची त्याच माळावर कंपनीनं मुरूम उचलून काळी माती टाकली होती आणि लॉन केलं होतं. आबांना ते कधी पटलं नाही. "गवात लावायचं, पाणी द्यायचं, कापायचं, आन कुणाला खायाला घालायचं न्हाय," ते चौकटीला सांगायचे. "येडी हायती का काय?"

कंपनीत गेलं की आम्ही दोघी वेगळ्या व्हायचो. फाटकाच्या आत पत्र्याची खोली होती, तिथं साडीवर पुरुषांचा शर्ट चढवायचा, पदर कमरेला घट्ट खोचून त्यावर बटणं लावायची, डोक्याला फडकं बांधायचं. तिथं कुणाचा सासरा नव्हता. मुकादम होते, काटेवाडीचे, त्यांना सगळे तात्या म्हणायचे. माणूस आरडाओरडा करणारा पण वाईट नव्हता. आम्ही शर्ट घालतो हे घरी माहीत होतं. आबांनाही माहीत होतं. पण माहीत असणं आणि बघणं यात फरक होता, आणि तो सगळ्यांनी मिळून सांभाळला होता. कापलेलं गवत आबांनी मेंढरांना न्यावं असं तात्यांनी कबूल केलं होतं. त्यासाठी आबा मागच्या फाटकानं यायचे, तेही आमची सुट्टी झाल्यावर. आम्ही पुढच्या फाटकानं बाहेर पडलो की ते मागच्या फाटकानं आत. कुणी कुणाला असं सांगितलं नव्हतं. पण कधी चुकलं नाही.

मशीन आलं ते उन्हाळ्याच्या आधी. लॉनवर माणसांच्या येण्याजाण्यानं माती दगडासारखी बसली होती, पाणी वरच्या वर वाहून जायचं आणि गवत पिवळं पडायचं. म्हणून भोकं पाडायचं मशीन आणलं. पुढं इंजिन, मागं हँडल, आणि खाली आडव्या दांडीवर चारी बाजूंनी पोकळ लोखंडी नळ्या. ते चाललं की नळ्या जमिनीत घुसायच्या आणि बोटाएवढ्या मातीच्या कांड्या बाहेर काढून वर टाकायच्या. भोकातून मुळांना हवा जाते, पाणी जातं. रखमाबाईनं एकदा खाली वाकून ते काटे पाहिले आणि म्हणाली, "ही तर सायाळ हाय!" तेव्हापासून सगळी कंपनी त्याला सायाळच म्हणायला लागली. साहेबसुद्धा.

शिकवायला पुण्याहून एक मेकॅनिक आला होता. चिडका माणूस, पण त्यानं चांगलं शिकवलं. आधी सगळी जमीन पायानं फिरून दगड, खिळे, तारा वेचायच्या. फवाऱ्याची तोंडं जिथं जमिनीत आहेत तिथं निशाण रोवायचं, नाहीतर नळी त्यावर आपटते आणि मशीन उडी मारतं. माती ओली पाहिजे, चिखल नको. वळताना नळ्या वर उचलायच्या, खाली ठेवून वळवायचं नाही. उतारावर वरून खाली न्यायचं नाही, आडवंच चालवायचं. पायात बूट. अंगावर काही लोंबतं नको. आणि नळ्यांत माती अडकली तर आधी लाल बटण दाबून इंजिन बंद, मगच हात. हँडलखाली लिव्हर होती, ती हँडलबरोबर दाबून धरायची. हात सुटला की ती खाली पडते आणि नळ्या थांबतात. "ही तुमची आई आहे," तो लिव्हरवर बोट मारून म्हणाला होता. "तुम्ही पडलात तर ही मशीनला थांबवते. हिला कधी दुखवू नका."

तात्यांना वाटत होतं की गडीमाणसं चालवतील. पण दोन गड्यांनी ते असं दामटलं की पहिल्याच दिवशी दोन फवारे फुटले. मग रखमाबाई म्हणाली, "तात्या, मला द्या. आडमुठ्या बोकडाला वळवायची सवय हाय मला." सगळे हसले. तिनं ते पूर्ण लॉन सरळ रेघांत चालवून दाखवलं. त्या दिवसापासून सायाळ तिची. मी तिच्या पुढं, दगड वेचायला आणि निशाणं रोवायला. ती मशीनमागून चालायला लागली की तिची पाठ सरळ व्हायची. घरी ती पाठ मी अशी सरळ कधी पाहिली नव्हती. घरी आम्ही दोघी वाकूनच असायचो.

पण लिव्हरची स्प्रिंग कडक होती. पुरुषाच्या पंजाच्या मापानं बनवलेली. दिवसभर दाबून धरली की संध्याकाळी रखमाबाईच्या मनगटाला सूज यायची. भाकरी थापताना तिचं तोंड वाकडं व्हायचं. आत्याबाई म्हणाली, "भाकरीचा आवाज का गं बारीक झाला?" म्हातारीचे कान शाबूत होते. रखमाबाई म्हणाली, "पीठ मऊ हाय." दुसऱ्या दिवशी तिनं लिव्हर हँडलला सुतळीनं बांधली. काम झकास झालं, नुसतं मागं चालायचं. पण सुतळी दुपारपर्यंत घासून तुटायची. मग एके सकाळी अंगणात ती चौकटीकडं तोंड करून म्हणाली, "बारकी दोरी मिळाली आसती तर बरं झालं आसतं. न तुटणारी." आबांनी कशाला म्हणून विचारलं नाही. सुनेला विचारायची पद्धतच नव्हती. संध्याकाळी उंबऱ्यावर हातभर दोरी ठेवलेली होती, लोकर आणि शेळीच्या केसांची, अंगठ्यानं दाबून दाबून वळलेली. रखमाबाईनं ती मला दाखवली. "बघ, सासऱ्यानं सुनंला दागिना केला," म्हणाली आणि हसली.

तात्यांनी ती दोरी पाहिली होती. त्यांनी पाहिलं नाही असं नंतर सांगितलं, पण पाहिली होती. काम लवकर होत होतं, म्हणून ते बोलले नाहीत.

त्या दिवशी कंपनीत परगावचे पाहुणे येणार होते. सकाळपासून धावपळ. ऑफिससमोरचा उताराचा तुकडा राहिला होता, तो दुपारच्या आत व्हायला पाहिजे होता. तात्यांनी मागच्या बाजूचा कापलेल्या गवताचा ढीगही लगेच हलवायला सांगितला. पाहुण्यांना दिसू नये म्हणून. त्यांनी एका माणसाला जळोचीत पाठवलं की म्हाताऱ्याला म्हणावं, गवत आत्ताच्या आत्ता घेऊन जा. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. कशाला सांगतील? तात्यांच्या लेखी तो गवताचा विषय होता.

आम्ही उतारावर आडव्या रेघा मारत होतो. ऊन तापलं होतं. रखमाबाईनं शर्टाची वरची बटणं काढली होती. मी पुढं. इंजिनच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, म्हणून आबांची काठी वाजलेली दोघींनाही ऐकू आली नाही. ते ढीग पोत्यात भरून, पोतं खांद्यावर टाकून, मागच्या वाटेनं न जाता ऑफिसच्या बाजूनं आले. मला वाटतं, त्यांना मशीन बघायचं होतं. घरी सायाळीचं नाव ऐकत होते ना. ते उताराच्या खालच्या टोकाला उभे राहिले, गवतावर पडलेली मातीची कांडी उचलली, बोटांत चुरडली आणि मोठ्यानं म्हणाले, "आरं, ह्ये तर लेंड्याच टाकतंय की! मेंढरं बसवली आसती तर फुकाट झालं आसतं."

पहिलं मी पाहिलं. पदर शर्टाच्या आत होता माझा, तरी हात वर गेला. मी फडकं कपाळावर ओढलं. मग रखमाबाईनं पाहिलं. तिनं हँडल सोडलं, दोन्ही हातांनी कमरेचा पदर उपसून काढला आणि डोक्यावरून पुढं घेतला. एवढंच. उघड्या शर्टात, बूट घालून, सासऱ्यासमोर. तिचा चेहरा मला अजून दिसतो. भीती नव्हती, लाज होती. तिची सरळ पाठ वाकली.

हँडल सुटलं तसं मशीन थांबायला पाहिजे होतं. लिव्हर बांधलेली होती. मशीन वाकडं झालं आणि उतारावरून खाली निघालं, सरळ आबांच्या रोखानं. आबा हलले नाहीत. अंगावर येणाऱ्या मेंढ्यासमोर ते असेच उभे राहायचे, म्हणजे मेंढा वळतो. रखमाबाई ओरडली. मशीनच्या मागं धावली, हँडल धरायला वाकली, आणि सुटा पदर तिच्या पुढं पुढं जाऊन नळ्यांत पडला.

आबांना ढकलून मी आधी लिव्हरकडं गेले. शिकवलेलं तेच आठवलं. दोरी उन्हानं आणि ओढीनं अशी आवळली होती की गाठ सापडेना. नखं लागेनात. मी दात लावले. मशीन मलाही ओढत होतं, आणि खाली रखमाबाईचा आवाज बंद झाला होता, कारण पदर गळ्याभोवती बसला होता. मग मला लाल बटण आठवलं. मी पूर्ण तळहातानं त्यावर मारलं.

इंजिन बंद पडलं तेव्हा एकदम पाखरांचा आवाज आला. रखमाबाईचा काहीच येत नव्हता. तिचा चेहरा काळा पडत चालला होता. नळ्या थांबल्या होत्या, पण कापड तसंच ताणलेलं होतं, हात घालायला जागा नव्हती. तेवढ्यात आबा गवतावरून उठून आले. त्यांनी सुनेच्या डोक्याखाली डावा हात घातला, विळ्याचं टोक गळा आणि कापडाच्या मध्ये सरकवलं आणि म्हणाले, "रखमे, मान हलवू नगंस." इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून तिचं नाव ऐकलं नव्हतं. विळा धारेचा होता. पदर फाटला, मग गुंडाळलेली साडी त्यांनी छातीपासून कमरेपर्यंत कापून मोकळी केली, कारण तीही नळ्यांत गेली होती. तोवर ऑफिसातली माणसं गोळा झाली होती. सगळ्यांनी पाहिलं.

डाव्या हाताचं सांगायलाच पाहिजे. जमिनीला पडतात तशीच भोकं पडली होती, एका रांगेत, मनगटापासून कोपरापर्यंत, आणि त्यात काळी माती भरलेली होती. आबांनी पटका उतरवला. एवढा लांब पटका, अर्धा तिच्या हाताला गुंडाळला आणि अर्धा तिच्या उघड्या अंगावर टाकला. त्यांचं डोकं पांढरं आणि लहान होतं. मला उगाच वाटायचं की ते मोठं असेल.

कंपनीच्या जीपमधून बारामतीच्या दवाखान्यात नेलं. मागच्या बाकावर रखमाबाई आडवी, डोकं माझ्या मांडीवर, पाय आबांच्या मांडीवर. तिला श्वास येत होता, शिट्टीसारखा. ती मधेच डोळे उघडून म्हणाली, "पदर." मी म्हणाले, "गप पडा बाई." आबा म्हणाले, "खड्ड्यात गेला पदर." हे त्यांनी चौकटीला नाही सांगितलं.

डॉक्टरांनी गळ्याचं काही सांगितलं नाही. ते हाताकडंच बघत राहिले. माती खोल गेली होती आणि त्या मातीत शेणखत. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, धुतलं, पण वास यायला लागला. ताप चढला. ती बरळायला लागली, मेंढरं मोजायची, विकलेली मेंढरंसुद्धा. दवाखान्यात मी राहिले. आबा रोज यायचे, बाहेर निंबाखाली बसायचे, आत येत नव्हते. उघडंच डोकं. नवा पटका कुणी आणून दिला तरी घातला नाही. डब्यात आत्याबाई माडगं पाठवायची. रखमाबाईला गिळता येत नव्हतं, मी प्यायचे.

आणि गाव बोलत होतं. जळोचीत पारावर, पिठाच्या गिरणीत, नळावर. हात तुटतोय का राहतोय, हे कुणी विचारत नव्हतं. "म्हाताऱ्यानं सुनंचं लुगडं फाडलं म्हणं, चार गड्यांपुढं." "पटका पांघरला म्हणं तिला." मी एकदा कपडे न्यायला घरी आले तर आमच्याच भावकीतली एक बाई दारात उभी राहून आत्याबाईला सांगत होती, "आत्ती, आसं न्हवतं व्हाया पायजे. एखाद्या बाईला हाक मारायची की." आत्याबाई जात्यापाशी बसली होती. ती म्हणाली, "बाई यीस्तवर ती मेली आसती." आणि दळायला लागली. ती बाई गेल्यावर आत्याबाई मला म्हणाली, "माझ्यामुळं झालं का गं?" मी खरं काय ते बोलणारी आहे. म्हणाले, "थोडं तुमच्यामुळं, थोडं दोरीमुळं, थोडं तात्यामुळं." ती म्हणाली, "व्हय." पीठ जाड पडत होतं, तिनं पाहिलं नाही. जातं ओढत राहिली.

कंपनीचे एक साहेब तात्यांना घेऊन दवाखान्यात आले. लिव्हर बांधली होती, म्हणजे चूक चालवणारीची, असं त्यांचं म्हणणं होतं. दोरी त्यांनी पिशवीतून आणली होती. "ही कुणाची?" साहेबांनी मला विचारलं. मी काही बोलायच्या आधी आबा निंबाखालून उठून आले. "दोरी माझी हाय," म्हणाले. "मी वळलीय. तुमच्या मशीनची मूठ बाईच्या हाताला बसत न्हाय, ती तिनं बांधली. ह्या तात्यांनी बघितली. बघितली का न्हाय तात्या?" तात्यांनी मान खाली घातली. साहेब म्हणाले, "आणि साडीचं काय? साडी लोंबती नको, हे सांगितलं होतं." आबांनी उघड्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "ती तिनं खोचली हुती. माझ्यासाठी काढली." आणि निंबाखाली जाऊन बसले.

आज माझी नात शेतात पॉवर टिलर चालवते, पँट घालून, डोक्याला टोपी. तिला मी एकदाच सांगितलं की जी वस्तू सोडल्यावर थांबायला बनवली आहे, तिला बांधायचं नाही, मग हात तुटो की मोडो. ती म्हणाली, "आज्जी, कोण बांधतंय?" मी म्हणाले, दमलेलं माणूस बांधतं. ती हसली. हसू दे.

ताप उतरेना तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, हात ठेवला तर बाई जाईल. भाऊजी गाडीवर कुठं तरी नगरच्या बाजूला होते, निरोप पोचला नव्हता. सही कोण देणार? आबांनी अंगठा दिला. अंगठा देताना शाई पुसायला त्यांनी सवयीनं डोक्याकडं हात नेला, पटक्याच्या शेवाला पुसायला, आणि तिथं काही नव्हतं. त्यांनी अंगठा धोतराला पुसला.

रखमाबाई घरी आली तो दिवस काही जत्रेसारखा नव्हता. जेवणं झाली, चुलीवर माडगं उरलं होतं. ती भिंतीला टेकून बसली होती. बाहेर दगडावर काठी वाजली. तिचा उजवा हात वर गेला. पदर डाव्या खांद्यावरून येतो, तो उजव्या हातानं ओढून घ्यायला गेली तर खांद्यावरूनच सरकून मांडीवर पडला, धरून ठेवायला दुसरा हात नव्हता. ती पुन्हा ओढायला लागली. आबा दारात आले. उंबऱ्यावर थांबले. मला वाटलं, मागं फिरतील. ते आत आले, तिच्यासमोर खाली बसले आणि तिच्याकडं बघून म्हणाले, "ऱ्हाऊ दे रखमे. माडगं दे मला." मग चूक लक्षात आली असावी. स्वतःच उठले, चुलीवरून दोन पितळ्या भरून आणल्या आणि एक तिच्यासमोर ठेवली. आत्याबाईनं भिंतीकडं तोंड केलं. तिला ते बघवलं नाही, की बघायचं नव्हतं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

पारावर बोलणारे बोलत राहिले. आबा पुन्हा पारावर बसले नाहीत, मरेपर्यंत. कंपनीनं सायाळ विकली की पत्र्याच्या खोलीत टाकली, कळलं नाही. मी त्याच फाटकातून पुढं बरीच वर्षं आत गेले. रखमाबाईला पुन्हा घेतलं नाही.

त्या दिवशी उतारावर आम्ही तिघं होतो. आबा म्हातारे होऊन, अंथरुणात, दम्यानं गेले. मी हे लिहायला आहे. रखमाबाई जगली. डावा हात कोपराच्या वरून नाही. जळोचीत माझ्या शेजारच्या दारात राहते आणि एका हातानं भाकरी थापते. आवाज माझ्या घरापर्यंत येतो.